गौरीच्या चेहऱ्याची मासळीवाली

थंडी पडली की आमच्या माहीमला वारा कुठून येतोय हे नाकाला आधी कळतं. सकाळचा वारा मासवण-मनोरच्या बाजूनं, जमिनीवरून येतो. त्याला झोडलेल्या भाताच्या पेंढ्याचा आणि कुठेतरी पेटवलेल्या पाचोळ्याचा वास असतो. दुपारी तो फिरतो. मग समुद्राकडचा वारा सुरू होतो आणि किनाऱ्यावर सुकत घातलेल्या बोंबलांचा वास नारळी-केळींच्या वाड्या ओलांडून, पानवेलींच्या मांडवांतून वाट काढत थेट आमच्या ओटीवर येऊन बसतो. वाणगावहून नवी नवरी म्हणून इथे आले तेव्हा मी दुपारभर नाकाला पदर लावून वावरायची. सासूबाई नुसत्या हसल्या. आता एखाद्या वर्षी तो वास यायला उशीर झाला तर मीच अंगणात जाऊन नाक वर करून उभी राहते.

यंदा तो परवा आला. मी तांदूळ निवडत होते, हात तसेच थांबले, आणि एकदम ती थंडी आठवली. सत्तरचं दशक संपत आलं होतं, दिवाळी नुकतीच झाली होती आणि माझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे आप्पांच्या डोक्यात संग्रहालयाचं खूळ शिरलं होतं.

आप्पा शाळेतून निवृत्त झालेले आणि गावच्या वाचनालयाचे चिटणीस. कुणाच्या तरी लग्नाला म्हणून मोठ्या शहरात गेले आणि तिथलं संग्रहालय पाहून आले. माणूस असं काही पाहून आला की खूश असतो. आप्पा धुसफुसत आले. पायही न धुता ओटीवर बसून म्हणाले, "राजाची पालखी ठेवलीय तिथे, चांगली चकचकीत. ती खांद्यावरून वाहणारी माणसं कुठे ठेवलीत, विचारलं, तर शिपाई माझ्याकडे वेड्यासारखा बघायला लागला." झालं. वाचनालयाच्या मागच्या खोलीत जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे होते, ते हलले. सुतारानं काचेची तीन कपाटं केली, माणूस उभा राहील एवढी. एकात वाडीत राबणारा वाडवळ, दुसऱ्यात डोंगराकडचा वारली शेतकरी, तिसऱ्यात मांगेलआळीतली मासळीवाली. आपल्या गावची माणसं, आपल्या गावात. आणि त्यांच्या भोवती मांडायच्या वस्तू घरोघर फिरून गोळा करायचं काम आलं माझ्याकडे. सुनेला नाहीतरी नसत्या चौकशांची सवय आहे, तर ती कामी तरी येईल, असं आप्पांचं म्हणणं.

ते खोटं नव्हतं. माझी आई म्हणायची, ही पोरगी देवळात गेली तरी आधी विचारील, देव घडवला कुणी. मला तर त्या थंडीत सुगीच झाली. वस्तू मागायच्या निमित्तानं मी कुणाच्याही घरात शिरत होते. पानवेलीची पानं खुडताना अंगठ्याच्या नखाचा उपयोग कसा करतात, ते पाहिलं. बोंबील सुकत घालताना एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून जोडी करतात आणि ती जोडी आडव्या बांबूवर टांगतात, तेही पाहिलं. उन्हात ते हजारो बोंबील तोंडात तोंड घालून लोंबत असायचे, आणि खालून मांजरं वर बघत बसलेली. मी एका बाईला विचारलं, जोडी करायची कुणाला सुचली असेल? ती म्हणाली, बाई, तुमाला घरी काम नाय काय.

पण वस्तू गोळा करताना मात्र नाकी नऊ आले. आप्पांना हव्या होत्या वापरलेल्या, झिजलेल्या वस्तू. लोक द्यायचे नव्याकोऱ्या. एका वाडीवाल्यानं आपल्या आजोबांची कुदळ देतो म्हणून कबूल केलं आणि आणून दिली तेव्हा तिच्या दांड्याला लाल ऑइलपेंट होता, अजून ओला. मासवणला एका घरी धान्याची जुनी टोपली पाहून ठेवली होती, हात लावून लावून काळीभोर झालेली. एस.टी.नं पुन्हा घ्यायला गेले तर घरधन्यानं नवी विणून ठेवलेली. जुनी कुठेय, विचारलं तर त्याला माझंच नवल वाटलं. म्हणाला, पावण्यांसमोर फाटका मांडाल तर लोक म्हणतील, यांना टोपली विणता येत नाय. मी परत येताना ती हिरवी, ओल्या बांबूच्या वासाची टोपली मांडीवर घेऊन विचार करत होते. घरी पाहुणा आला की आपणही फुटक्या कानाचा कप मागे सारतोच की. संग्रहालयवाले उलट तोच कप पुढे मांडतात. यात शहाणं कोण, ते मला त्या दिवशी काही ठरवता आलं नाही, आजही येत नाही.

पुतळे करायला दिले होते पांडूकाकांकडे. पांडूकाका म्हणजे गावातले गणपती करणारे. भाद्रपद सोडला तर त्यांचे हात मोकळेच असायचे. बांबूच्या कामट्या, पेंढा, गोणपाट, वर कागदाचा लगदा आणि मग रंग. आप्पांनी त्यांना माणसं करायला सांगितली. त्यांनी आयुष्यभर देव केलेले. त्यांच्याकडे साचे होते तेही देवांचे. त्यामुळे वाडवळ बाहेर आला तो रामासारखा शांत, खांद्यावर कुदळ घेऊन वनवासाला निघालेला. आणि मासळीवाली? तिला थेट गौरीचा मुखवटा. मोठे डोळे, इवलीशी जिवणी, गुलाबी गाल. पाय केलेच नव्हते, कारण गौरीला कुठे पाय असतात? आप्पा कपाळाला हात लावून म्हणाले, अहो, तिचं लुगडं गुडघ्यापर्यंत असतं, पाय दिसतात. मग पांडूकाकांनी पाय जोडले. ते मारुतीच्या साच्यातले. वर गौरी आणि खाली मारुतीच्या पोटऱ्या.

मांगेलआळीतल्या बायका बाजारातून परतताना टोपल्या घेऊनच, कमरेला चादर गुंडाळून वाचनालयात उभं केलेलं ते रूप पाहायला आल्या आणि हसून हसून भिंतीला टेकल्या. पण पाय त्यांना पसंत पडले. चिखलातून, वाळूतून डोक्यावर ओझं घेऊन चालणारीच्या पोटऱ्या अशाच पाहिजेत, म्हणाल्या. मग हसणं ओसरलं. एकीनं चेहऱ्याकडे नीट पाहिलं आणि हळूच चपला दाराबाहेर काढून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी पुतळ्यापुढे कुणी दहा पैसे ठेवलेले. तिसऱ्या दिवशी दोन झेंडूची फुलं. आप्पा चिडले. हे संग्रहालय आहे, देऊळ नाही, असं पाटीवर लिहून लावलं. बायकांना वाचता येत नव्हतं, आणि ज्यांना येत होतं त्यांनी पाटीलाही नमस्कार केला.

इथवर सगळी गंमतच होती. मग प्रश्न आला लुगड्याचा.

मथूबाय ही आमच्या घरी मासळी घालणारी. चाळिशी नुकती उलटलेली असेल. अंगानं काटक, बोलायला कमी. नवरा कावीळ होऊन गेला त्याला बरीच वर्षं झाली होती. तेव्हापासून हात मोकळे, कपाळ मोकळं, अंगावर विटक्या रंगाचं काहीतरी. सासूबाई सांगायच्या, ही लग्न होऊन आली तेव्हा बाजारात तिचं लुगडं नेसणं बघायला बायका थांबायच्या. कासोटा असा चोपून, निऱ्या अशा बसवलेल्या की दिवसभर मासळी विकून परत येताना सुरकुती नाही. मी तिला सहज विचारलं, त्या वेळचं एखादं लुगडं आहे का गं? तिनं मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही. दोन दिवसांनी मला तिच्या घरी बोलावलं, पत्र्याची पेटी उघडली आणि खालून ते काढलं. गडद हिरवं, लाल चौकड्यांचं, जाड सुती. बरोबर चोळी आणि खांद्यावर घ्यायची फडकी. पदराजवळ मीठ बसून कापड जरा पांढुरकं झालेलं. सगळ्या गावानं मला नवं दिलं, हे एक खरंखुरं अंगावर वापरलेलं. मला इतका आनंद झाला की काय सांगू. मी म्हटलं, अगं, पण देववेल का तुला?

तिनं लुगड्यावरून हात फिरवला. म्हणाली, "आंगावर घालायचं माजं सपलं. पन पेटीत आडवं पडून हाय ना, ता बगवत नाय. एकदा उभं बगायचं हाय माला."

मी ते लुगडं घेऊन निघणार, तेवढ्यात दारात जानूबाय उभी. जानूबाय म्हणजे मथूबायची थोरली जाऊ. भिंतीला भिंत लागून घर. आळीत तिचा शब्द चालायचा. धिप्पाड बाई, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा. तिचा नवरा आता बोटीवर जात नव्हता, दोन मुलगे जायचे. तिनं माझ्या हातातलं लुगडं पाहिलं आणि सगळं ओळखलं. ओरडली नाही. ती म्हणाली त्याचा अर्थ असा, की त्या बाईला तुम्ही चेहरा दिलात गौरीचा. आमच्या आळीची म्हणून तिला उभी करणार. तिला सवाष्णीसारखं कुंकू लावणार, चुडा घालणार. आणि नेसवणार रांडावलेल्या बाईचं? आमची पोरं रोज पाण्यावर जातात. तिच्यापुढे पैसे ठेवून, हात जोडून जातात. उद्या काही झालं तर?

मथूबायनं लुगडं माझ्या हातातून घेतलं, घडीवर घडी घातली आणि पेटीत ठेवलं.

मला जानूबायचा संताप आला होता. शिकलेली ना मी! घरी येऊन तावातावानं बोलले. आप्पाही माझ्या बाजूचे. पण सासूबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, तिला दुष्ट ठरवू नकोस. मथूचा नवरा गेला त्या रात्री ह्याच जानूनं तिला पोटाशी धरून बसवलं होतं. जानूच्या चुलीवर महिनाभर मथूच्या पोराबाळांचं शिजलं. भीती वाटते तिला, बस. समुद्रावर मुलगे असलेल्या बाईची भीती तुला-मला कशी कळणार? मला ते पटलं नाही. जानूबायनं आपलं एक नवं लुगडं पाठवून दिलं, नायलॉनचं, झुळझुळीत जांभळं. आप्पांनी सुस्कारा टाकला आणि ठेवून घेतलं. ज्यांची बाई, त्यांनी ठरवावं, म्हणाले.

मी अजूनही कधीकधी त्या खोलीत जाऊन बसते. वाचनालयाची किल्ली आता आमच्याचकडे असते. आप्पा गेले. वाडवळाच्या रामाचं नाक टवका उडून मारुतीसारखं झालंय. शाळेची मुलं येतात, काचेला नाक लावून आतल्यांना वाकुल्या दाखवतात. मला मात्र तिथे बसलं की प्रश्न सुचतात. गावची माणसं म्हणजे नेमकी कोण? आमचे हे बोईसरच्या कारखान्यात होते, तेव्हा त्यांच्याबरोबरचा जौनपूरचा एक टर्नर सणाला आमच्याकडे जेवायला यायचा. तो एकदा कपाटं बघून म्हणाला होता, "भाभीजी, चौथी अलमारी हमारी बनवाना." सगळे हसले होते. आता बोईसरच्या रस्त्यावर मराठी कमी आणि हिंदी जास्त ऐकू येते, त्याच्यासारख्यांची मुलं इथेच जन्मलीत, इथल्या शाळांत शिकतात. त्याचं कपाट अजून झालेलं नाही. आणि झालंच तर पांडूकाकांचा मुलगा त्याला कुठल्या देवाचा चेहरा देईल, हेही एक कुतूहल आहेच.

पण मी सांगत होते त्या थंडीबद्दल. उद्घाटन ठरलं संक्रांतीनंतरच्या रविवारी. पौषात काही सुरू करायचं नाही, असं चार जणांनी सांगितलं, आप्पांनी ऐकलं नाही. गावभर हळदीकुंकवांचा धडाका होता. दुपारी बायका नटूनथटून या घरातून त्या घरात, हातात तिळाच्या वड्या, वाणाच्या वाट्या. मथूबाय तेवढ्या दिवसांत दुपारी रस्त्यावर दिसायची नाही. सकाळी मासळी घालून खालमानेनं जायची. मी एकदा म्हटलं, वाईट वाटलं असेल ना गं तुला. तिनं सुरमई कापता कापता मान वर केली. वाईट कशाचा बाय, म्हणाली, ता लुगडा तुमी मागला नसता तर मी इचारबी केला नसता. आता इचार केला, तर रोज पेटीकडे लक्ष जातं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मागे लागून मीच तिच्या मनात ती इच्छा पेरली होती आणि आता ती पुरी करणं माझ्या हातात नव्हतं.

रविवारी पाहुणे यायचे होते चार वाजता. सकाळी जानूबाय आपल्या दोन सुनांना घेऊन आली, त्या बाईला नेसवायला. सुना गोल पातळ नेसणाऱ्या, त्यांना कासोट्याचं काही जमेना. मग जानूबायनं पदर खोचला. पण नायलॉनच ते. आणि पांडूकाकांनी पुतळ्याची कंबर गणपतीच्या सोंडेसारखी तुळतुळीत रंगवलेली. एक निरी बसवावी तर दुसरी सुटे. कासोटा मागे खोचावा तर पुढून सगळं सळकन खाली. तीन वेळा गौरी आमच्यासमोर उघडी पडली आणि तीन वेळा सुनांनी दोन्ही हातांनी तोंडं झाकली. पांडूकाका भिंतीकडे तोंड करून उभे. सुतळीनं बांधून पाहिलं, टाचण्या लावून पाहिल्या. जानूबायचे गुडघे दुखायला लागले. ती फरशीवर बसली, घाम पुसला आणि ते जांभळं लुगडं बोळा करून कोपऱ्यात भिरकावलं. सगळ्यांच्या मनात त्या पेटीतलंच सुती लुगडं होतं.

दाराबाहेर मथूबाय होती. मासळीची टोपली उतरवून पायरीवर बसली होती, आत आली नव्हती. जानूबाय तिच्याकडे न बघता म्हणाली, "जा. आन तुजं."

मथूबाय धावतच गेली असावी, कारण परत आली तेव्हा तिला धाप लागली होती. लुगडं उलगडलं तसा खोलीभर पेटीतल्या कापडाचा कोंदट, खारट वास पसरला. मग तिनं जे केलं ते मी डोळ्यांत तेल घालून पाहिलं. आधी कापड पुतळ्याच्या कमरेला नुसतं लावून धरलं, जरा वेळ. मग एक गाठ. मग निऱ्या, बोटांवर भरभर, ओठ हलताहेत पण आवाज नाही. दोन पायांतून ओढून मागे कासोटा असा काही चोपून खोचला की मारुतीच्या त्या पोटऱ्या एकदम बाईच्या झाल्या. जाड सुती कापड त्या तुळतुळीत कमरेला धरून बसलं. चोळी घातली. फडकी खांद्यावरून घेऊन गाठ मारली. हातात चुडा भरताना पुतळ्याची बोटं आखडलेली, तर तिनं वाकून त्यांच्यावर फुंकर घातली, खरी बांगडी भरताना घालतात तशी. मग दोन पावलं मागे सरकून बघत राहिली. तिच्या तोंडावर जे आलं ते मी त्यापूर्वी पाहिलं नव्हतं. खूश होती ती. विसाव्या वर्षीची मथू काचेच्या कपाटात उभी होती, बाजाराला निघालेली.

कुंकवाचा करंडा जानूबायच्या सुनेच्या हातात, उघडा. आता कुंकू तेवढं राहिलं होतं आणि ते जानूबायनं लावायचं, हे न बोलता ठरलेलं. तोवर मथूबायचं बोट करंड्यात गेलं होतं. नेसवलं, चुडा भरला, की पुढचं कुंकू, हातच तसे चालत गेले असतील. किंवा नसतीलही. मुद्दाम केलं की सवयीनं, हे मी तिला पुढे किती वेळा विचारायचं ठरवलं, आणि एवढी चौकस मी, पण कधी विचारू शकले नाही. तिनं पुतळ्याच्या कपाळावर गोल, मोठं कुंकू रेखलं आणि मग आपण काय केलं ते तिच्या ध्यानात आलं.

सुनेनं करंडा मागे घेतला. मथूबायचं बोट तसंच पुढे धरलेलं, त्याला उरलेलं कुंकू. सवाष्ण असती तर ते तिनं आपल्या मंगळसूत्राला पुसलं असतं, आपल्या कपाळाला लावलं असतं. तिच्याकडे पुसायला जागाच नव्हती. ती ते बोट लुगड्यालाही लावीना, भिंतीलाही लावीना. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

जानूबाय भिंतीला हात टेकून उठली. तिचे दोन्ही मुलगे आदल्या पहाटे बोटीवर गेले होते, अजून परतले नव्हते. ती मथूबायच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली आणि आपलं कपाळ पुढे केलं.

"उरलंय ना? माला लाव."

मथूबाय नाही नाही म्हणत मान हलवत होती. जानूबायनं तिचं मनगट धरलं आणि सोडलं नाही. शेवटी तिनं लावलं. मनगट जानूबायच्या मुठीत होतं, त्यामुळे ते आधीच्या कुंकवावर जरा वाकडं, भुवईकडे ओघळल्यासारखं लागलं. सुनेनं पदराचं टोक पुढे केलं, सरळ करायला. जानूबायनं तिचा हात बाजूला केला, दाराशी ठेवलेली मथूबायची टोपली उचलून डोक्यावर घेतली आणि ते वाकडं कुंकू तसंच घेऊन भर बाजारातून किनाऱ्याकडे, बोटींची वाट बघायला निघून गेली.